देव हलत नाही म्हणून अलर्ट: लाइव्ह दर्शनाच्या स्ट्रीमवरचे खोटे अलार्म

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. देवस्थानच्या ऑफिसातले काका होते. "साहेब, अमेरिकेतून एका ताईंचा फोन आला होता. इथं काकडआरती निम्मी उरकली, आणि त्यांच्या टीव्हीवर म्हणे अजून पडदाच आहे."

डोळे चोळत लॅपटॉप उघडला. बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ठीक, फ्रेम सेकंदाला २५ च्या २५, प्लेलिस्ट (व्हिडिओच्या तुकड्यांची यादी) पुढे सरकतेय. स्ट्रीम उघडली तर खरंच पडदा. आदल्या रात्री शेजारतीनंतर ओढलेला मरून मखमली पडदा, जरीच्या किनारीसकट, अगदी स्वच्छ, एचडी. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात 'चित्र गोठलं' असा एक लाल ठिपका होता. पण तो रोज रात्री असतोच. देव निजल्यावर चित्र हलणार कसं?

कॅमेऱ्यातून एन्कोडरकडे (चित्र दाबून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) जाणाऱ्या वाटेवरचा एचडीएमआय कन्व्हर्टर रात्री कधीतरी अडकला होता. इनपुट गेल्यावर एन्कोडरने शेवटची फ्रेम धरून ठेवली आणि तीच इमानेइतबारे पाठवत राहिला. काकांनी कन्व्हर्टरची पिन काढून परत लावली, दोन मिनिटांत दर्शन सुरू. हा बिघाड किरकोळ होता. अलर्ट वाजत असूनही तो कोणालाच दिसला नाही, हे जास्त गंभीर होतं, आणि ते निस्तरायला आम्हाला तीन आठवडे लागले. मंदिरं, व्याख्यानमाला, सीसीटीव्हीसारखे एकाच जागी रोखलेले कॅमेरे, अशा स्ट्रीम सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांकडे हेच होत असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

मांडणी साधी आहे. देवळात तीन कॅमेरे, प्रत्येकाला एक हार्डवेअर एन्कोडर, तिथून एसआरटीवरून (इंटरनेटवर व्हिडिओ पाठवायची पद्धत) आमच्या सर्व्हरवर, तिथे तीन दर्जांत ट्रान्सकोड, म्हणजे रूपांतर, आणि पुढे प्रेक्षकांना एचएलएस, म्हणजे छोट्या तुकड्यांत (सेगमेंट) दिलेला व्हिडिओ. चित्र-आवाज तपासायला एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामचे फिल्टर, आकडे प्रोमिथियसमध्ये (आकडे साठवून नियम तपासणारं सॉफ्टवेअर), निरोप त्याच्या जोडीच्या अलर्टमॅनेजरकडून टेलिग्रामवर.

लक्षणं

रोज रात्री १० वाजून १० मिनिटांच्या आसपास तीन अलर्ट लागोपाठ: चित्र गोठलं, चित्र काळं, आवाज नाही. दुपारी नैवेद्याला पडदा ओढला की परत तेच. मधूनच 'बिटरेट कमी' येई आणि मिनिटाभरात आपोआप मिटे. हे थांबवायला आम्ही रात्री १० ते पहाटे ४ असा म्यूटचा नियम टाकला होता, पण रात्रीचे अलर्ट काही थांबले नाहीत. "म्यूट चालत नाही" असं म्हणून तो विषय तसाच राहिला. महिनाभरात नाइट शिफ्टच्या पोरांनी टेलिग्रामचा ग्रुपच म्यूट केला. त्यांना बोल लावायची सोय नाही, मीही केला होता.

म्यूट चालत होतं, पण साडेपाच तास उशिरा

अलर्टमॅनेजरमधल्या वेळेच्या नियमाला टाइमझोन सांगितला नाही, तर तो वेळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतो. आमचे रात्रीचे १० म्हणजे त्याच्या लेखी यूटीसीचे २२:००, म्हणजे भारतात पहाटेचे साडेतीन. आमचे पहाटेचे ४ म्हणजे भारतात सकाळचे साडेनऊ. थोडक्यात, रात्रभर अलर्ट मोकाट होते आणि पहाटे साडेतीन ते सकाळी साडेनऊ, म्हणजे नेमके काकडआरती, अभिषेक, सकाळचं दर्शन यांच्या वेळेत, आमच्या तोंडाला पट्टी होती.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. पहाटे पडदा उघडला की 'चित्र गोठलं' हा अलर्ट मिटायचा, पण मिटल्याचा निरोपही म्यूटमध्येच गिळला जायचा. त्यामुळे त्या पहाटे तो अलर्ट मिटला नाही, हे कळायला काही मार्गच नव्हता. रोज न येणारा निरोप त्या दिवशीही आला नाही, एवढंच.

उपाय दोन ओळींचा. वेळेच्या नियमात 'लोकेशन' या जागी आशिया/कोलकाता लिहायचं. आणि मध्यरात्र ओलांडणारी वेळ एका तुकड्यात देता येत नाही, सुरुवात शेवटाच्या आधीच हवी असते, म्हणून २२:०० ते २४:०० आणि ००:०० ते ०४:०० असे दोन तुकडे लागतात, ते आमच्या नियमात आधीपासून होते. प्रोमिथियसच्या नियमात तास काढायचं फंक्शन वापरत असाल तर तेही यूटीसीच देतं आणि तिथे टाइमझोन सांगायची सोय नाही. साडेपाच तासांची वजाबाकी हाताने करावी लागते, आणि त्या अर्ध्या तासापायी ती हमखास चुकते.

हे दुरुस्त केलं आणि तीन दिवसांनी काढून टाकलं. कारण पुढे वेळापत्रकाच्या मुद्द्यात येईलच.

गोठलेलं चित्र आणि निजलेला देव

एफएफएमपेगचा फ्रीझडिटेक्ट फिल्टर काय करतो ते आधी पाहू. तो दोन फ्रेममधल्या प्रत्येक नमुन्याचा (पिक्सेलच्या उजेडाचा किंवा रंगाचा आकडा) फरक घेतो, सगळ्यांची सरासरी काढतो, आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर चित्र गोठलं असं म्हणतो. मूळ मर्यादा −६० डेसिबल, म्हणजे ०.००१. आठ बिटांच्या चित्रात, म्हणजे उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात तिथे, हे सुमारे ०.२६ पायरी होतं. आणि हे २ सेकंद टिकलं की तो नोंद करतो.

आता गाभाऱ्यातला कॅमेरा. मूर्ती स्थिर, हार स्थिर, मागची प्रभावळ स्थिर. हलते ती फक्त समईची ज्योत. १९२० बाय १०८० च्या चित्रात ती ज्योत जेमतेम काही शे पिक्सेलची. पूर्ण चौकटीच्या सरासरीत तिचं हलणं कुठल्या कुठे विरून जातं. न्यूज चॅनेलसाठी उत्तम असलेला हा फिल्टर देवळात दिवसाढवळ्या, देव जागा असतानाही, 'गोठलं' म्हणतो. आम्ही आधी मर्यादा घट्ट केली, −७० पर्यंत नेली. मग खरं गोठलेलं चित्रसुद्धा निसटायला लागलं, कारण एन्कोडर तीच फ्रेम पाठवत असला तरी दर की-फ्रेमला (ठराविक वेळाने येणारी, स्वतःत पूर्ण असलेली फ्रेम) ती नव्याने दाबतो आणि चित्रात बारीक धडधड उमटते. म्हणजे एकाच आकड्यावर दोन्ही बाजूंनी ओढाताण. मर्यादा बदलून हे सुटणारच नव्हतं. आपण चुकीच्या जागी बघत होतो.

मग कॅमेऱ्याच्या मेन्यूतून चित्रावर घड्याळ चालू केलं, सेकंदांसकट, खालच्या डाव्या कोपऱ्यात. फिल्टरला पूर्ण चित्र न देता क्रॉप करून फक्त तो घड्याळाचा ४०० बाय ६० चा तुकडा दिला. हिशेब करून बघा. सेकंदाचा एक अंक बदलला की साधारण ४८० पिक्सेल बदलतात, प्रत्येकी २०० पायऱ्यांनी. म्हणजे ९६,००० चा फरक. पूर्ण चौकटीत रंगाचे नमुने धरून ३१,१०,४०० नमुने असतात, त्यावर भागलं तर ०.०३. मर्यादा ०.२६, म्हणजे घड्याळ चालू असूनही चित्र गोठलेलंच ठरणार. तुकड्यात नमुने ३६,०००, त्यावर भागलं तर जवळपास २.७. मर्यादेच्या दहापट. आता पडदा असो, अंधार असो, देव निजलेला असो, घड्याळ चालतंय तोवर कॅमेऱ्यापासून आमच्यापर्यंतची वाट जिवंत आहे, आणि थांबलं की नाही. मधलं काही नाही.

यात फसायच्या जागा तीन, आणि तिन्हींत आम्ही पडून आलो.

घड्याळ कॅमेऱ्यानेच चित्रावर उमटवलेलं हवं. बहुतेक एन्कोडरमध्येही तारीख-वेळ टाकायची सोय असते आणि ती वापरायचा मोह होतो. पण एन्कोडरचं घड्याळ गोठलेल्या फ्रेमवरसुद्धा टिकटिक करत राहतं. आमचा पहिला प्रयोग असाच झाला, आणि केबल काढल्यावरही सगळं हिरवंगार बघून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

दुसरी, विश्वस्तांची हरकत. "देवाच्या पायाशी घड्याळ नको." बरोबरच होतं त्यांचं. तडजोड अशी: आमच्याकडे येणाऱ्या मूळ फीडमध्ये घड्याळ राहतं, तपासणी तिथेच होते, आणि ट्रान्सकोड करताना खालची पट्टी कापून भक्तांना बिनघड्याळाचं चित्र जातं. कॅमेरा थोडा वर उचलून चौकट आधीच मोकळी ठेवली म्हणजे पायांशी काही कापलं जात नाही.

तिसरी, सीपीयू. तीन एचडी फीड सतत डीकोड करणं लहान सर्व्हरला झेपेना. पण आपल्याला प्रत्येक फ्रेम बघायची गरजच नाही. डीकोडरला फक्त की-फ्रेम उघडायला सांगितल्या. आमची की-फ्रेम दर २ सेकंदांना येते, घड्याळ बघायला तेवढं पुष्कळ झालं. फ्रीझचा कालावधी २ वरून १० सेकंद केला आणि सर्व्हरचा पंखा शांत झाला.

जमलं तर एन्कोडरच्या सेटिंगमध्येही बघा. इनपुट गेल्यावर काय करायचं याचा पर्याय बऱ्याच एन्कोडरमध्ये असतो: शेवटची फ्रेम, काळं चित्र, रंगीत पट्टे किंवा 'सिग्नल नाही' अशी पाटी. आमचे तिन्ही कारखान्यातून 'शेवटची फ्रेम' वर आले होते. आता पाटीवर आहेत. प्रेक्षकाला पाटी दिसणं वाईट, पण पडद्याला हात जोडून पाऊण तास बसवण्यापेक्षा बरं.

वेळापत्रक अलर्टच्या नियमात नको

घड्याळाचा अलर्ट कधीच म्यूट होत नाही. मग बाकीचे उरतात: अंधार आणि शांतता. हे पडदा उघडा असताना बिघाड आहेत आणि पडदा बंद असताना नाहीत. म्हणजे देवळाची वेळ कुठेतरी सांगावीच लागणार.

म्यूटचा नियम मी याच कारणाने काढला. देवाच्या वेळा ठरलेल्या नसतात. एकादशीला वेगळ्या, ग्रहण असेल तर वेगळ्या, उत्सवात भलत्याच. पंढरपुरात तर आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंगच निघतो, म्हणजे देव निजतच नाही, आणि प्रक्षाळपूजेपर्यंत दर्शन अहोरात्र चालतं, तिथे 'रात्री १० ते ४' ला काही अर्थच राहत नाही. दर वेळी कोणीतरी अलर्टमॅनेजरची फाइल उघडून वेळा बदलायच्या आणि नंतर आठवणीने परत करायच्या, हे दोनदा चुकलं तेव्हाच पुरे झालं.

आता असं आहे. काका एका साध्या शीटमध्ये पुढच्या आठवड्याच्या पडदा उघडायच्या-ओढायच्या वेळा भरतात. तसंही ते फळ्यावर लिहीतच होते. एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला शीट वाचून एक आकडा लिहिते: दर्शन चालू असेल तर १, नसेल तर ०, सोबत देवळाचं लेबल. तो नोड एक्सपोर्टरच्या (सर्व्हरवरचे आकडे पुरवणारा प्रोग्राम) टेक्स्टफाइलमधून प्रोमिथियसकडे जातो. अंधाराचा आणि शांततेचा नियम म्हणतो: चित्र काळं आहे आणि त्याच देवळाचं 'दर्शन चालू' १ आहे. बस. डॅशबोर्डवरही पडद्याच्या वेळा राखाडी पट्ट्यांनी दिसतात, त्यामुळे नव्या पोरालाही आलेख वाचता येतो.

स्क्रिप्ट मेली तर फाइलमध्ये शेवटचा आकडा तसाच राहतो, आणि तो ० असेल तर तुम्ही पुन्हा आंधळे. नोड एक्सपोर्टर त्या फाइलची शेवटची बदलाची वेळही देतो. ती ५ मिनिटांपेक्षा जुनी झाली की अलर्ट, हा नियम त्याच दिवशी लिहा, उद्यावर टाकू नका.

अंधार आणि शांतता यांचे आकडे

ब्लॅकडिटेक्ट या काळं चित्र ओळखणाऱ्या फिल्टरमध्ये पिक्सेल किती काळा म्हणजे काळा याचा मूळ आकडा ०.१० आहे. व्हिडिओत उजेडाची पातळी १६ ते २३५ धरतात, तेव्हा १६ अधिक २१९ चा दहावा हिस्सा, म्हणजे साधारण ३८. मंद दिव्यातला आमचा मरून पडदा ३० च्या आसपास निघाला. फिल्टरच्या हिशेबी तो काळाच. आकडा ०.०३ केला, म्हणजे मर्यादा २२-२३ वर आली. पडदा वर राहिला आणि केबल काढल्यावरचा खरा काळोख, जो नेमका १६ असतो, खाली.

आवाजाचंही तसंच. तिथे आम्ही आधी काही दिवस फक्त मोजलं. रिकाम्या गाभाऱ्यात रात्री पंख्याची घरघर −४८ डेसिबलच्या आसपास होती, माइकची वायर काढल्यावर −७८. मर्यादा दोन्हींच्या मधे −६५ ला ठेवली. आधी −४० होती, कुठल्यातरी चॅनेलच्या फाइलमधून उचललेली, त्यामुळे गुरुजी थोडा वेळ गप्प बसले तरी अलर्ट. कालावधी २ सेकंदांवरून १२० वर नेला. देवळात दोन मिनिटं शांतता असू शकते. माइक बंद असेल तर तो नंतरही बंदच असतो.

बिटरेट: कमी असणं हा गुन्हा नाही

आमचा जुना नियम होता: ५०० किलोबिटच्या खाली गेला की अलर्ट. एन्कोडर मात्र गरजेपुरतेच बिट वापरणारा, वर २५०० ची मर्यादा. आरतीच्या गर्दीत २४०० ला टेकतो, पडदा ओढला की ३५० वर येतो. हे त्याचं चोख काम. त्याबद्दल आम्ही रोज त्याला रागवत होतो.

१५ दिवसांचा आलेख काढला. १५ अशासाठी की त्यात बहुतेक वेळा एक एकादशी येते. सगळ्यात शांत वेळचा तळ बघितला आणि त्याच्या निम्म्यावर, १७५ ला मर्यादा ठेवली. त्याहून उपयोगी निघाली फ्रेमची मोजणी: २५ च्या ऐवजी मिनिटभर २० पेक्षा कमी येत असतील तर नक्की काहीतरी घडतंय, मग चित्र कसलंही असो.

आणि एक उलटा नियम, माझा लाडका. जिवंत चित्राचा बिटरेट थोडा तरी डुलतो. दर्शन चालू असताना दहा मिनिटं तो जवळजवळ सरळ रेषेत असेल, तर संशय घ्यावा. प्रोमिथियसमध्ये ठराविक काळातलं प्रमाण विचलन काढायचं फंक्शन आहे, ते अगदी लहान झालं की आम्हाला हळू आवाजातला निरोप येतो, फोन नाही. स्थिर बिटरेटवर लावलेल्या एन्कोडरला हे लागू नाही, तो भरताड घालून रेषा सरळच ठेवतो.

मिनिटाभरात येऊन मिटणारे अलर्ट म्हणजे आकडा मर्यादेवर खालीवर नाचतोय. प्रोमिथियसच्या नियमातलं 'फॉर' (अट किती वेळ टिकली की वाजायचं) फक्त वाजण्याआधी थांबवतं, आणि मधे एकदा जरी अट खोटी ठरली तरी त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. मिटण्याची घाई थांबवायला २.४२ पासून 'कीप फायरिंग फॉर' आलंय, ते ५ मिनिटांवर ठेवा. झॅबिक्स हे दुसरं देखरेखीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे सोपं आहे, तिथे मिटण्याची अट वेगळी लिहिता येते: १७५ च्या खाली वाजव, २५० च्या वर मिटव.

'मिटला' म्हणजे सुधारला असं नाही

हे सगळ्यात लबाड. 'बिटरेट १७५ पेक्षा कमी' ही अट आकडा असेल तरच खरी ठरते. आकडे गोळा करणारी प्रक्रियाच मेली तर प्रोमिथियसला काहीच मिळत नाही, काहीच नाही म्हणजे कमीही नाही, आणि वाजत असलेला अलर्ट सरळ 'रिझॉल्व्ह' होऊन हिरवा निरोप पाठवतो. आमच्याकडे एकदा सर्व्हरची डिस्क भरली आणि पाच 'मिटले' असे निरोप एकदम आले. एकाने शाबासकीच्या अंगठ्याचा इमोजी पण टाकला.

फिल्टरचंही तेच. फ्रीझडिटेक्ट येणारी फ्रेम मोजतो. फ्रेमच आली नाही तर तो गोठलं म्हणत नाही, हललं म्हणत नाही, नुसता गप्प. शेवटची फ्रेम कधी मिळाली ती वेळ वेगळी नोंदवा आणि ती जुनी होतेय का ते पाहा.

प्रोमिथियसमध्ये गैरहजेरी तपासायचं फंक्शन आहे, पण ते 'एकही नाही' एवढंच सांगतं. तीनपैकी दोन कॅमेरे आहेत आणि तिसरा नाही, हे त्याला कळत नाही. त्यासाठी अपेक्षित स्ट्रीमची यादी स्वतंत्र आकड्यांच्या रूपात ठेवली आणि 'अनलेस' (यादीतून हजर असलेले वगळणारी खूण) लावून यादीतलं कोण हजर नाही ते काढलं. ती यादी त्याच शीटमधून येते.

निरोप एवढा उशिरा का येतो

'फॉर' २ मिनिटं ठेवलंय आणि निरोप सात-आठ मिनिटांनी येतो, अशी तक्रार नेहमीची. बेरीज करा: आकडे घ्यायची पाळी, नियम तपासायची पाळी, मग 'फॉर', मग अलर्टमॅनेजरचा 'ग्रुप वेट' (गटाचा पहिला निरोप पाठवण्याआधीचं थांबणं) मुळात ३० सेकंद. आणि त्याच गटात आधीपासून दुसरा अलर्ट वाजत असेल तर नवा पुढच्या 'ग्रुप इंटरव्हल' पर्यंत थांबतो, तो मुळात ५ मिनिटं. आमचे गट देवळानुसार होते, आणि रात्री काही ना काही वाजत असेच, त्यामुळे प्रत्येक खऱ्या अलर्टला ही पाच मिनिटांची रांग. घड्याळाच्या अलर्टला वेगळा मार्ग दिला, कॅमेऱ्यागणिक वेगळा गट, ग्रुप वेट १० सेकंद.

देवळाचं इंटरनेट गेलं की तीन कॅमेऱ्यांचे मिळून तीसेक निरोप धडाधड यायचे. तिथे 'लिंक बंद' या अलर्टने त्याच देवळाचे बाकीचे दाबायचे, असा इनहिबिटचा (एका अलर्टने दुसरे दाबायचा) नियम. यात एक खड्डा: 'साइट लेबल (कुठल्या देवळाचा अलर्ट ते) सारखं असेल तर' असं लिहिलं आणि ते लेबल दोन्ही अलर्टवर नसलंच, तरी अलर्टमॅनेजर दोन्हींना सारखं समजतो. रिकामं आणि रिकामं, झाली जोडी. आमच्या लिंकच्या अलर्टवर लेबल टाकायचं राहिलं होतं, आणि लेबल नसलेला सर्व्हरच्या डिस्कचा अलर्ट त्यात दडपला गेला. हो, तीच डिस्क.

नेटवर्कचे दोन शब्द

एसआरटीच्या आकडेवारीत 'लॉस' आणि 'ड्रॉप' वेगळे आहेत. लॉस म्हणजे डेटाचं पॅकेट वाटेत हरवलं, पण बहुतेक वेळा ते परत मागवून मिळतं आणि चित्राला ओरखडाही उमटत नाही. ड्रॉप म्हणजे ते वेळेत आलंच नाही, सोडून द्यावं लागलं. अलर्ट ड्रॉपवर लावा. लॉसचा नुसता आलेख ठेवा. ड्रॉप वारंवार होत असतील तर लेटन्सी, म्हणजे हरवलेल्या पॅकेटसाठी थांबायचा वेळ, बघा: मूळ १२० मिलिसेकंद असते, आणि जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या तिप्पट-चौपट तरी ती हवी. आमच्या लाइनवर ६० लागतात, म्हणजे १२० मध्ये एकदाच मागायला जेमतेम सवड. ३०० केली.

एचएलएसला प्लेलिस्टचा क्रमांक पुढे सरकतोय का एवढंच बघा. सेगमेंटच्या तिप्पट वेळ तो हलला नाही तर वाजवा. तपासणी सीडीएनच्या (प्रेक्षकांना व्हिडिओ वाटणारं सर्व्हरचं जाळं) आतून एकदा आणि बाहेरून एकदा करा, नाहीतर कॅशमधली शिळी प्लेलिस्ट बघून भलत्याच सर्व्हरला रीस्टार्ट द्याल.

केबलच्या हेडएंडवर (जिथून वाहिन्या घरोघरी सोडतात) बसणाऱ्या मित्रांसाठी एवढंच: यूडीपीच्या एका डेटाग्रॅममध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या एका गठ्ठ्यात, टीएसची (चित्र-आवाजाचा एकत्र प्रवाह) ७ पॅकेट्स असतात, त्यामुळे एक डेटाग्रॅम पडला की व्हिडिओ, ऑडिओ अशा दोन-तीन पीआयडींवर (प्रवाहातल्या घटकांचे क्रमांक) एकदम कंटिन्यूइटीच्या, म्हणजे पॅकेटांचा क्रम तुटल्याच्या, चुका दिसतात. 'एक चूक, एक अलर्ट' असा नियम असेल तर तो आधी बदला. आणि आकडा बघण्याआधी अलर्टमधलं अंतर मोजा. मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकदम अनेकांना) दर वेळी जोडल्यावर बरोबर ४ मिनिटं २० सेकंदांनी तुटत असेल, तर स्ट्रीमला हातही लावू नका. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (प्रवाह कोणाला हवाय ते ऐकून तेवढ्यांनाच देणं) चालू आहे आणि क्वेरियर, म्हणजे 'अजून हवाय का' असं विचारत राहणारा, कोणी नाही. १२५ सेकंदांच्या दोन फेऱ्या अधिक १०, असे ते २६० सेकंद.

केबल काढून बघितली

नियमांची फाइल प्रोमिथियससोबत येणाऱ्या प्रॉमटूलने तपासता येते, कोणता अलर्ट कुठल्या मार्गाने जाईल ते अलर्टमॅनेजरचं एएमटूल सांगतं. दोन्ही केलं. पण माझा भरवसा केबलवर. शेजारती झाल्यावर, पडदा ओढल्यावर, काकांना फोन लावला. म्हटलं, गाभाऱ्याच्या कन्व्हर्टरची केबल काढा आणि वेळ सांगा.

"काढली. दहा बावीस."

शांतता. मागे कोणीतरी घंगाळं घासत होतं. डॅशबोर्डवर पडदा तसाच, फक्त खालच्या कोपऱ्यात सेकंद १४ वर थांबलेले. काही वेळाने एन्कोडरची पाटी आली, तीही तशीच स्थिर. माझा फोन वाजला तेव्हा केबल काढून एक मिनिट दहा सेकंद झाले होते. 'गाभारा, घड्याळ थांबलं.' अंधाराचा अलर्ट आला नाही, शांततेचा आला नाही, दर्शन ० होतं.

"आला का हो?" काकांनी विचारलं.

"आला."

"मग लावू का परत? मला कुलूप लावायचंय."